फोटोत त्याचे डोळे दिसायला हवेत!

आमचा काळू गेला त्याला या श्रावणात दोन वर्षं होतील. तेरा वर्षं तो आमच्या घरी होता. गावठीच, पण अंगानं रेशमासारखा काळाभोर. छातीवर तेवढा रुपयाएवढा पांढरा ठिपका. तो गेल्यावर चार दिवसांनी सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, त्याचा एक बरासा फोटो मोठा करून आण." ज्या सासूबाईंनी तेरा वर्षांत त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्यांनीच हे म्हणावं!

मी लगेच आल्बम काढले, मुलांचे मोबाइल धुंडाळले. काय सांगू मैत्रिणींनो, काळूचे फोटो दोनशेच्या वर निघाले आणि त्यांत काळू कुठेच नव्हता! दिरांच्या लग्नात मांडवाच्या खांबाशी एक काळा गोळा. दिवाळीच्या रांगोळीशेजारी काळा गोळा आणि त्यात दोन हिरवे दिवे. गच्चीवर उन्हात काढलेल्या फोटोत पाठ तेवढी चकाकतेय, तोंडावर अंधार. नाक कुठं, डोळे कुठं, काही पत्ता नाही. त्याची ती ओळखीची नजर तर नाहीच.

शेवटी एक सापडला. आमच्या मुलीनं काढलेला. पावसाळ्यातली सकाळ, आभाळ भरलेलं. ती शाळेच्या रिक्षाची वाट बघत ओट्याच्या पायरीवर बसलेली आणि काळू दाराच्या आत, उंबऱ्याशी बसून बाहेर बघतोय. त्या फोटोत केस न् केस वेगळा दिसतो, डोळे तपकिरी दिसतात आणि प्रत्येक डोळ्यात उजेडाचा एक इवलासा चौकोन आहे. तो फोटो घेऊन मी आमच्या गावातल्या एका स्टुडिओत गेले. तिथले फोटोग्राफर लग्नमुंजींबरोबर हल्ली कुत्र्यांचेही फोटो काढतात. त्यांनी फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, या पोरीनं नकळत सगळं बरोबर केलंय."

काय बरोबर केलं, हे त्या दिवशी आणि नंतर आमच्या चिंगीला घेऊन गेले तेव्हा मी त्यांच्याकडून समजून घेतलं. तेच आज तुम्हांला सांगणार आहे. कुत्र्याचं आयुष्य फार तर दहापंधरा वर्षांचं. कॅमेरा आता प्रत्येकीच्या हातात आहे. अडतं ते उजेडापाशी.

फ्लॅशचा घोटाळा

ते हिरवे दिवे कुठून येतात, हे आधी पाहू. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्याच्या मागे आरशासारखा चकचकीत थर असतो. त्याला टेपेटम म्हणतात. पडद्यातून पलीकडे गेलेला उजेड हा थर परत फिरवतो, म्हणजे डोळ्याला तो दुसऱ्यांदा वापरता येतो. म्हणून तर कुत्र्याला अंधुक उजेडात आपल्याहून बरं दिसतं. पण फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला, की त्याचा झोत डोळ्यात शिरतो आणि त्याच वाटेनं लेन्समध्ये परत येतो. झाले हिरवे-पिवळे दिवे! निळ्या डोळ्यांच्या काही कुत्र्यांमध्ये हा थर नसतो. त्यांचे डोळे मग आपल्यासारखेच लाल येतात.

उपाय साधा आहे. फ्लॅश लेन्सपासून दूर न्यायचा किंवा लावायचाच नाही. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो, तेव्हा कुत्र्याचा फोटो काढताना तो कायमचा बंद ठेवावा. कॅमेऱ्यावरचा फिरता फ्लॅश असेल तर त्याचं तोंड छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे करावं. भिंत मात्र पांढरी हवी. हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड कुत्र्यालाही हिरवं करतो.

काळी चंद्रकळा आणि नीळ न दिलेलं धोतर

काळा कुत्रा हा फोटोग्राफरची परीक्षा घेणारा. का, ते सांगते. तुम्ही दुकानात काळी चंद्रकळा बघायला गेलात, तर दुकानदार काय करतो? साडी दाराशी नेतो आणि उजेडात तिरकी धरून हलवतो. तेव्हा कुठे तिचा पोत आणि झळाळी दिसते. समोरून बॅटरी मारली तर नुसतं काळं दिसेल. काळूच्या केसांचंही तेच. काळा केस बहुतेक उजेड गिळून टाकतो. आपल्याला दिसते ती त्याच्यावरची चकाकी आणि ती दिसायला उजेड बाजूनं किंवा किंचित मागून यावा लागतो. शिवाय उजेड मोठ्या जागेतून आला तर चकाकी अंगभर पसरते. लहान दिव्याचा असला तर एकच पांढरा डाग पडतो.

दुसरी गंमत कॅमेऱ्याच्या अकलेची. समोर काय आहे हे न बघता तो सगळं मध्यम करड्या रंगावर आणू पाहतो. (हल्लीचे मोबाइल थोडे शहाणे झाले आहेत, पण खोड पुरती गेलेली नाही.) काळ्या कुत्र्यानं चौकट भरली तर त्याला वाटतं फार अंधार आहे, मग काळू राखाडी होतो. तोच काळू पांढऱ्या भिंतीपुढं बसला तर कॅमेरा भिंतीला घाबरून उजेड कमी करतो आणि काळूचा कोळसा होतो. आमची चिंगी पांढरीशुभ्र पॉमेरेनियन. ती फोटोत नीळ न दिलेल्या धोतरासारखी मळकट यायची. मला वाटायचं आंघोळच नीट झाली नाही!

बहुतेक मोबाइलमध्ये कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवलं की चौकोन येतो आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. त्या चिन्हापाशी बोट वर सरकवलं की उजेड वाढतो, खाली सरकवलं की कमी होतो. काळ्या कुत्र्यानं चौकट भरली असेल तर जरा खाली. काळा कुत्रा उजळ भिंतीपुढं असेल तर बोट त्याच्या तोंडावरच टेकवायचं आणि लागलं तर वर. पांढऱ्या कुत्र्याला थोडं वर, पण केस वेगवेगळे दिसताहेत तोपर्यंतच. केस दिसेनासे होऊन नुसता पांढरा डाग झाला, की तुम्ही जास्त वर गेलात असं समजा.

स्टुडिओत काय करतात?

चिंगीला घेऊन गेले तेव्हा मी सगळं नीट पाहिलं. मुख्य दिव्यावर हातभर नव्हे, चांगली चार फुटांची कापडी पेटी लावलेली होती. तिला सॉफ्टबॉक्स म्हणतात. पुढच्या पांढऱ्या कापडातून उजेड पसरून येतो. दिवा कुत्र्याच्या तोंडासमोर नाही, एका बाजूला तिरका आणि डोक्याच्या थोडासा वर. फार वर नाही. कुत्र्याच्या भुवईचं हाड आणि केस डोळ्यांवर सावली पाडतात. दिवा छताजवळ नेला, की डोळ्यांची भोकं होतात आणि लांब थोबाडाची सावली गळ्यावर पडते. खूण सोपी आहे. डोळ्याचं घड्याळ समजलं, तर उजेडाचा ठिपका दहाच्या नाहीतर दोनच्या आकड्यापाशी दिसायला हवा. तो ठिपका नसेल तर डोळा निर्जीव वाटतो, मग बाकी सगळं कितीही छान येवो.

लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचं आणखी एक आहे. दिव्याकडचा कान गालावर सावली टाकतो. म्हणून त्याचं नाक दिव्याच्या दिशेनं वळवून घेतात. दिव्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे कुत्र्याच्या दुसऱ्या अंगाला, पांढरा फळा उभा करतात. तिकडे पडलेला उजेड परत येतो आणि अंधारी बाजू थोडी उजळते.

काळ्या कुत्र्यासाठी मागच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद, उभ्या पेट्या लावतात. त्यांचा उजेड कानांच्या कडा, मान, पाठ यांवरून सरकत येतो. त्यामुळे काळा कुत्रा काळ्या पडद्यापुढंही उठून दिसतो. आपल्याला वाटतं पडदा छान आहे. खरी करामत त्या मागच्या दिव्यांची.

पण मला सगळ्यांत पटलं ते त्यांचं एक वाक्य. "वहिनी, नवरीवर उजेड टाकतात. कुत्र्याच्या बाबतीत जागेवर उजेड टाकायचा." नवरीला सांगितलं की ती हनुवटी तितकीच वळवते. चिंगीला कोण सांगणार? दिवा अगदी जवळ असला तर कुत्रं जरा सरकलं की सगळं बिघडतं. याचा हिशेब असा. दिवा तीन फुटांवर असताना कुत्रं आणखी तीन फूट मागं गेलं, तर अंतर दुप्पट होतं आणि उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. दिवा नऊ फुटांवर असेल आणि कुत्रं तेवढंच मागं गेलं, तर उजेड निम्म्याहून थोडा जास्तच उरतो. म्हणून कुत्र्यांसाठी दिवा जरा लांब ठेवतात. लांब नेला की उजेड कडक होतो, म्हणून पेटी मोठी घेतात. मग कुत्र्यानं दोनतीन पावलं इकडेतिकडे केली तरी चालतं. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो, त्यामुळे हलती शेपटीसुद्धा स्पष्ट येते.

उजेड आधी, कुत्रा नंतर

"कुत्र्याचे कसले फोटो काढायचे!" असं म्हणणारे घरोघरी असतात. आमच्याकडेही आहेत. (नाव सांगत नाही, ते हे वाचणार आहेत.) त्यांना सांगा, अमेरिकेतल्या विल्यम वेगमन या चित्रकारानं आपल्या करड्या वायमरानर जातीच्या कुत्र्यांच्या फोटोंवर जगभर नाव मिळवलं. १९७० साली त्यानं एक पिल्लू घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मॅन रे. १९७९पासून तो पोलरॉइडच्या प्रचंड कॅमेऱ्यानं त्याचे फोटो काढू लागला. एकेक फोटो २० इंच रुंद आणि २४ इंच उंच! मॅन रे १९८२ साली गेला, तेव्हा न्यू यॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकानं त्या कुत्र्याला 'वर्षातला मानकरी पुरुष' ठरवलं. त्या कॅमेऱ्यातून निगेटिव्ह मिळत नसे, प्रत्येक फोटो एकुलता एक. म्हणजे उजेड आधीच जमवून ठेवायला हवा.

ती शिस्त आपणही घ्यावी. कुत्र्याला आणून बसवायचं आणि मग "थांब हं, थांब हं" करत पडदे सरकवायचे, हे चालत नाही. कुत्र्याचा धीर पाचदहा मिनिटांचा. आधी त्याच्या जागी त्याच्याच रंगाचं काहीतरी ठेवा. मी पाटावर काळी शाल गुंडाळून ठेवते, चिंगीसाठी पांढरा टॉवेल. शालीची वीण मोबाइलमध्ये दिसली की उजेड जमला. मग कुत्र्याला बोलवा.

घरच्या घरी

आता आपल्या घरातला सॉफ्टबॉक्स. खिडकी! आकाश दिसणारी, पण थेट ऊन न येणारी मोठी खिडकी निवडा. ऊन येत असेल तर पातळ पांढरं धोतर किंवा मलमलीचा पडदा लावा. कुत्र्याला खिडकीपासून तीनचार फुटांवर, खिडकी त्याच्या एका बाजूला येईल असं बसवा. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाका नाहीतर थर्मोकोलचा तुकडा टेकवा. झाला रिफ्लेक्टर!

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की पांढऱ्या कुत्र्याला एका गालावर हळद लागल्यासारखी दिसते. शिवाय आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची, म्हणून बऱ्याच ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर वेगानं चाललं तर फोटोत आडवे पट्टे येतात. रात्री इलाजच नसेल आणि मोबाइलमध्ये शटर ठरवण्याची सोय असेल, तर ते १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवावं. मात्र एवढ्या संथ शटरला कुत्रं स्थिर हवं, म्हणजे झोपलेलं! खेळतानाचा फोटो हवा असेल तर १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर आणि त्यासाठी भरपूर दिवसाचा उजेड हवा.

खिडकी बरी नसेल तर दार आहेच. कुत्रं दाराच्या आत, उंबऱ्यापासून हात-दीड हातावर, तोंड बाहेर. तुम्ही बाहेर ओट्यावर, दाराच्या जरा बाजूला, म्हणजे त्याचा उजेड अडणार नाही. ढगाळ दिवस असेल तर सोन्याहून पिवळं. आमच्या मुलीनं नेमकं हेच केलं होतं. काळूच्या डोळ्यातला तो चौकोन म्हणजे आमचं पुढचं दार! घरातला अंधार मागं आल्यानं पांढरं किंवा भुरं कुत्रं फार खुलतं. काळ्या कुत्र्यामागे मात्र अंधार नको. खाकी, विटकरी किंवा फिकट निळी चादर दोनतीन हात मागं टांगा.

आणि हो, खाली बसा. मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. गुडघे कुरकुरतात, ठाऊक आहे मला. पण उभं राहून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय इवलेसे आणि नजर कुठेच नाही. पाट घ्या आणि बसा. दुपारच्या बाराच्या उन्हात मात्र कुणालाही बसवू नका. फोटोही वाईट येतो आणि काळं अंग लवकर तापतं.

जिवाचा विचार

काळूला एकदा हौसेनं एका स्टुडिओत नेलं होतं. दिवाळी नुकतीच झालेली आणि काळू फटाक्यांनी आधीच हबकलेला. आल्या आल्या त्याच्या तोंडावर फ्लॅश उडवला. लखलखाट आणि पाठोपाठ फट् असा आवाज! तो जो टेबलाखाली शिरला, तो परत फोटोसाठी म्हणून कधी बसला नाही. चूक माझीही होती. मीच "लवकर काढा" म्हणून घाई केली होती.

चिंगीच्या वेळी आधी दिवे बंदच होते. तिनं स्टँड हुंगले, खोली पाहिली. मग फ्लॅश अगदी मंद करून, तिच्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून उडवला. प्रत्येक फ्लॅशला पोळीचा एवढासा तुकडा. फ्लॅश भरल्यावर वाजणारी शिट्टीही त्यांनी बंद केली होती. पाचसहा वेळा झाल्यावर ती लखलखाट झाला की शेपटी हलवू लागली. फारच भित्रं कुत्रं असेल तर फ्लॅश न लावता सतत जळणारे एलईडीचे दिवे लावतात. ते जुन्या हॅलोजनसारखे तापत नाहीत.

जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, कान मागं पाडणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपटी पायांत घालणं, ही सगळी "मला पुरे" म्हणण्याची त्याची भाषा आहे. अशा वेळी थांबावं. फोटो पुन्हा काढता येतो, बसलेली धास्ती काढणं अवघड. खाऊ देतानाही चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा चुकूनही देऊ नका. कुत्र्यांना ते बाधतं.

फोटोग्राफरकडे जाताना

फोन करून चार गोष्टी विचारा. दिवा कॅमेऱ्यावर असतो का वेगळ्या स्टँडवर? कुत्र्याला खोलीची ओळख करून घ्यायला वेळ देता का? स्टँडच्या पायावर वाळूच्या पिशव्या आणि वायरींवर पट्टी असते का? (लॅब्राडोरची शेपटी एका फटकाऱ्यात दिवा पाडू शकते.) आणि या आधी काढलेला काळ्या कुत्र्याचा फोटो दाखवता का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्या फोटोत डोळे आणि केस दिसले, की माणूस उजेड जाणतो असं समजा. फरशी गुळगुळीत असेल तर घरून सतरंजी न्या. पाय घसरणारं कुत्रं कधीच निवांत दिसत नाही.

काळूचा तो फोटो मोठा करून आणला. मला वाटलं, बैठकीच्या खोलीत लावावा. सासूबाईंनी तो हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "असाच बघायचा गं माझ्याकडे, भाकरीची वेळ झाली की." मग त्यांनीच खिळा शोधला. फोटो आता स्वयंपाकघरात आहे, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला.

दोनशे फोटोंत एक निघाला, तोही पोरीच्या नकळत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. घरचं कुत्रं म्हातारं होत आलं असेल, तोंडावरचे केस पांढरे होऊ लागले असतील, तर "करू कधीतरी" म्हणू नका. या रविवारी सकाळी ट्यूबलाइट बंद करा, खिडकीपाशी सतरंजी टाका आणि त्याच्या शेजारी खाली बसा. त्याच्या डोळ्यात तुमच्या घराची खिडकी दिसली, की मग बटण दाबा.